आडवा वारा आणि विमानाची आंघोळ

ऐन वेळी माघार घेऊन परतलेल्या माणसाला तुम्ही आधी काय देता, टोमणा की पाणी?

लगेच उत्तर देऊ नका. चांगली चांगली माणसं टोमणाच देतात, आणि आमच्या पुण्यात तर तो इतका नीट घडवून देतात की ज्याला बसतो त्यालाही क्षणभर कौतुक वाटावं. मला या प्रश्नाचं उत्तर एका धावपट्टीवर मिळालं. दोन सीटांच्या विमानात, डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात. ज्यांच्यामुळे मिळालं त्यांचे आभार मी तेव्हा धड मानले नाहीत. मानायला गेले असते तर त्यांनी विषय बदलला असता. म्हणून हे लिहिते आहे.

मी खडकीची. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढले. बाबा कामगार होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा यायचा तो अजून गरम असायचा. आई आणि मी फरशीवर बसून घड्या घालायचो, आणि घडी घालता घालता मी ओळी वाचायचे. कॅन्टीनची डाळ, दवाखान्याची वेळ, नळाला येणारं पाणी, शाळेची बस. जगात जे जे काही चुकीचं आहे त्यावर एक पानभर लिहिता येतं आणि ते गेटवर वाटता येतं, हे मला फार लवकर कळलं. अजूनही कुठे काही खटकलं की माझा हात आधी कागदाकडे जातो.

बाबांचे पत्रकाबद्दल दोनच नियम होते. सुरुवात अशी हवी की गेटमधून सुटलेल्या माणसानं सायकलवरून पाय खाली टेकवला पाहिजे. आणि शेवटी मागणी हवी. "मागणी नसलेलं पत्रक म्हणजे रडगाणं," ते म्हणायचे. "वाचणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळलं पाहिजे."

त्यांचं एक पत्रक मला विशेष आठवतं, कारण ते मला मुळीच पटलं नव्हतं. मशीनमधून वेगळा आवाज आला म्हणून एखाद्यानं मशीन बंद केलं, आणि नंतर त्यात काहीच निघालं नाही, तरी त्याला बोल लावू नका, एवढंच त्यात होतं. मी तेव्हा शाळेत होते. मी विचारलं, हे काय लिहायची गोष्ट आहे? मशीन बंद करणाऱ्याला कोण बोलणार, साहेब? बाबा म्हणाले, "साहेब एक वेळ बोलत नाही गं. शेजारच्या मशीनवरचा हसतो."

मी घड्या घातल्या आणि विसरून गेले.

पुढे मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी विमान चालवायला शिकू लागले. शिष्यवृत्ती नसती तर विमान मी आयुष्यभर खालूनच पाहिलं असतं, हे मी विसरत नाही. आमचं मैदान शहराच्या कडेला होतं. भल्या सकाळी खडकीहून स्कूटर काढायची, मार्केट यार्डाजवळच्या ट्रकांच्या रांगांमधून वाट काढायची, कांद्याचा आणि ओल्या कोथिंबिरीचा वास अंगावर घ्यायचा, आणि घरांची गर्दी विरळ झाली की एका कुंपणापाशी थांबायचं. आत एक पत्र्याची मोठी शेड, दोन लहान विमानं, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी-पांढरी कापडी नळी आणि एक धावपट्टी.

ती धावपट्टी दक्षिणोत्तर होती आणि पुण्यातला उन्हाळी वारा पश्चिमेचा. सकाळी तो झोपलेला असायचा. ऊन तापलं की उठायचा आणि धावपट्टीला बरोबर आडवा यायचा. विमानाला समोरून येणारा वारा आवडतो. उतरताना तो मदतच करतो. आडवा वारा मात्र विमानाला सरळ बाजूला ढकलतो. तुम्ही धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर नेम धरून येत असता आणि खाली पोचेपर्यंत रेषा तुमच्या डावीकडे आणि गवत तुमच्या खाली असतं.

आम्हाला शिकवायला एक मॅडम होत्या. जुन्या पुण्यातल्या, पेठेतल्या घरातल्या. पांढरे झालेले केस आखूड कापलेले, अंगात बिनइस्त्रीचा शर्ट, आणि विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. चढवायची गरजच नसायची.

आडव्या वाऱ्यात उतरणं मला जमत नव्हतं, आणि त्याचं कारण मला माझा गुण वाटत होतं. मॅडम सांगायच्या, विमानाचं नाक थोडं वाऱ्याकडे वळवा, खेकड्यासारखे तिरके या. मला ते सहनच व्हायचं नाही. जिकडे जायचं तिकडेच तोंड असलं पाहिजे, अशा घरात मी वाढले होते. मी नाक धावपट्टीवर सरळ रोखायचे, वारा मला ढकलायचा, मी हिसका देऊन परत आणायचे, तो पुन्हा ढकलायचा. असं करत करत शेवटी मॅडमच विमान वळवायचा दांडा हातात घ्यायच्या.

एका दुपारी त्यांनी शांतपणे विचारलं, "आपण विमान उतरवताय का वाऱ्याला जाब विचारताय?"

मी म्हटलं, मी सरळ यायचा प्रयत्न करते आहे.

"भांडण मिटलं की सांगा, मग उतरू," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून दिवे घाटाकडे बघत बसल्या.

मला हा खेकडा समजावला तो माझ्या बॅचमधल्या एका मुलानं. तो धायरीचा. आजोबांच्या वेळची जमीन इमारतींखाली गेली होती, पण बोलणं अजून गावातलंच होतं. आमच्यात सगळ्यात चांगला हात त्याचा. त्याला मी वैतागून सांगितलं, की तिरकं तोंड करून सरळ जाता येतं हे मला पटतच नाही. तो हसला. म्हणाला, "तू कालव्यात पोहली नाहीस ना कधी. समोरच्या पायऱ्या गाठायच्या असतील तर पायऱ्यांकडं तोंड करून चालतंय व्हय? पाणी खाली नेतं की. वरच्या अंगाला तोंड करायचं आन् हात मारायचा. मंग बरोबर पायऱ्यांशी लागतो माणूस."

मी त्या दिवशी घरी जाताना स्कूटर चालवत हाच विचार केला. तोंड कुठे आहे याला काही अर्थ नाही. वाट सरळ आहे का, एवढंच विचारायचं. ज्या गोष्टीला मी तडजोड समजत होते ती तडजोड नव्हतीच. पोचायचं तिथेच पोचायचं होतं. फक्त वारा आहे हे मान्य करायचं होतं.

पण खेकडा म्हणजे अर्धंच काम. चाकं तिरकी टेकली तर त्यांच्यावर आडवा ताण येतो. म्हणून जमीन जवळ आली की नाक सरळ करावं लागतं, आणि नाक सरळ केलं की वारा पुन्हा ढकलायला लागतो. त्यावर उपाय असा, की वाऱ्याच्या बाजूचा पंख खाली झुकवायचा आणि पायानं उलट बाजूचं पेडल दाबून नाक सरळ ठेवायचं. वारा डावीकडून असेल तर हात डावीकडे, पाय उजवा. मग विमान आधी एकाच चाकावर, वाऱ्याकडच्या चाकावर टेकतं. मग दुसरं चाक. सगळ्यात शेवटी पुढचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मॅडम गंमत करताहेत.

हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे ही सवय मी खडकीत केली. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचं, पायांखाली दोन विटा, हातात आईचा पोळपाट. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. ते वर्तमानपत्र वाचता वाचता मधेच म्हणायचे, "डावीकडून." मी पोळपाट डावीकडे कलवायचे आणि उजव्या पायानं वीट दाबायचे. "जोरात डावीकडून." आणखी कलवायचे. आई म्हणायची, पोळ्यांची वेळ झाली, विमान उतरव आता.

बाबांनी एकदा पेपर खाली ठेवून हे सगळं नीट समजून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे झुकायचं, पण सरकायचं नाही. वाटाघाटीला बसल्यावर हेच जमत नाही लोकांना." आणि पुन्हा पेपरात गेले.

आता आमच्या मैदानावरची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठरलं.

उतरताना काही बिनसलं, विमान रेषेवरून सरकलं, वेग जास्त झाला, वाऱ्याचा झोत आला, तर उतरायचं नाही. इंजिनला पूर्ण ताकद द्यायची, पुन्हा वर जायचं, मैदानाला वळसा घालून नव्यानं यायचं. याला आम्ही फेरा मारणं म्हणायचो. फेरा मारणं ही चूक नाही. ते पहिल्या आठवड्यातच शिकवतात. पण आमच्याकडे जो विद्यार्थी फेरा मारून उतरेल त्यानं त्या दिवशी विमान धुवायचं, अशी रीत होती. पंखांवर चिकटलेले किडे, पोटाखालचं तेल, चाकांवरची माती, सगळं. बाकीचे शेडच्या सावलीत बसून सूचना करायचे. कोपऱ्यात राहिलंय बघा. कानामागे घासा. याला विमानाची आंघोळ म्हणायचे. हवेत असतानाच खाली कोणीतरी विचारायचं, आज आंघोळ कोणाकडे? ही रीत कोणी सुरू केली ते कोणाला माहीत नव्हतं. मॅडमच्याही आधीची होती. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. विमानं मात्र स्वच्छ असायची.

त्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त आंघोळी मी घातल्या. मला धुण्याचं काही वाटायचं नाही. कामाची लाज आमच्या घरात कोणाला नव्हती. मला त्या सूचनांचा राग यायचा, पण तो मी गिळायचे, कारण सगळे हसत होते आणि हसण्यावर पत्रक कसं काढणार?

मग एका दुपारी धायरीच्या मुलाची आई त्याला बघायला आली. सोबत दोन चुलते. कुंपणाला धरून तिघं उभे. आई नवी साडी नेसून आली होती आणि उन्हासाठी डोक्यावर पदर घेतला होता. वारा चढला होता, खांबावरची नळी पार ताठ झाली होती. तो एकटा विमानात होता. आम्ही शेडपाशी उभे राहून बघत होतो.

तो तिरका छान आला. शेवटी नाक सरळ केलं आणि तेवढ्यात झोत आला. विमान उजवीकडे सरकायला लागलं. आम्हाला सगळ्यांना दिसलं. मॅडमच्या हातात वायरलेस सेट होता. त्या "फेरा" म्हणाल्या, पण तोवर तो जमिनीच्या फार जवळ होता आणि त्यानं टेकवलं. उजवं चाक कडेवर गेलं, टायर फुटला, आणि विमान गवतात अर्धं वळून थांबलं. धूळ उडाली. मग इंजिन बंद झालं.

त्याला काही झालं नव्हतं. तो आपला आपण उतरला. आम्ही धावत पोचलो तेव्हा आमच्यातला एक जण, निव्वळ सवयीनं, म्हणाला, आंघोळ टळली म्हणायची. कोणी हसलं नाही. ज्यानं म्हटलं तो स्वतःच दचकला.

नंतर तो मुलगा शेडच्या मागे बसला होता. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. त्यानं ती घेतली, पण उघडली नाही. मग म्हणाला, "वरच कळलं व्हतं मला. फेरा मारायला पायजे व्हता."

मी विचारलं, मग?

"आई उभी हाय ना. ती आलीया लेकाला विमान चालवताना बघायला. तिच्यासमोर बादली घ्यायची आन् तुम्ही हसायचं." तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला. "एवढंच. दुसरं काय नाय."

तेव्हा मला बाबांचं ते जुनं पत्रक आठवलं. शेजारच्या मशीनवरचा हसतो. इतक्या वर्षांपूर्वी घडी घातलेला कागद असा एकदम उलगडला.

मी घरी आले आणि लिहायला बसले. फार तापून लिहिलं. मैदानावरच्या जुन्या विद्यार्थ्यांना, मॅडमना, आम्हाला सगळ्यांना आरोपी करून टाकलं. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "यात शत्रू कोण आहे?"

मी म्हटलं, सगळे.

"सगळे म्हणजे कोणी नाही. तुला माणसं हटवायची आहेत का रीत हटवायची आहे?" ते म्हणाले. "रीत हटवायची असेल तर माणसं तुझ्या बाजूला लागतील. त्यांना ढकलू नकोस."

मी आरोप काढले. पान अर्धं झालं. राहिलं ते असं: उतरायचं का नाही हे ठरवायला वैमानिकाकडे एखादा श्वास असतो. त्या श्वासात त्यानं वारा बघावा, रेषा बघावी, वेग बघावा. शेडपाशी उभी असलेली माणसं बघू नयेत. आपल्या हसण्यामुळे तो आपल्याकडे बघतो. म्हणून मागणी: फेरा मारणाऱ्याकडून विमान धुऊन घेण्याची रीत आजपासून बंद व्हावी.

ते मी शेडच्या दारावर चिकटवलं. विमान उतरवायला शिकणाऱ्यांच्या मैदानावर लागलेलं ते पहिलंच पत्रक असावं. बॅचमधली मुलं वाचून बाजूला झाली. "पत्रकवाली" हे नाव मला त्याच सकाळी पडलं.

मॅडम आल्या. चष्मा लावला, दारासमोर उभ्या राहून सावकाश सगळं वाचलं. आम्ही वाट बघत होतो. त्यांनी कागदाची चारही टोकं नखानं अलगद सोडवली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"मजकूर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण मग विमान धुवायचं कोणी, ते राहिलंय."

खरंच राहिलं होतं. मागणीत पर्याय नव्हता. त्या पुढे म्हणाल्या, हवा बघून ठरवू, आणि कामाला लागल्या. मी मनातून पेटले. हवा बघून ठरवू म्हणजे नाहीच, असं मला लहानपणापासून माहीत होतं. व्यवस्थापन असंच बोलतं.

ठरणार होतं ते माझ्यावर, हे मला तेव्हा कळलं नाही.

आडव्या वाऱ्यात एकटीनं उतरून दाखवल्याशिवाय मला पुढचं शिक्षण नव्हतं. दुरुस्तीला गेलेलं विमान अजून यायचं होतं, त्यामुळे एकाच विमानावर सगळे शिकत होते आणि माझी पाळी पुढे पुढे जात होती. शेवटी एका सकाळी, ऊन जरा वर आल्यावर, मॅडम माझ्याबरोबर बसल्या. वारा बेताचा होता. मी तिरकी आले, पंख झुकवला, टेकवलं. बरं झालं. विमान थांबल्यावर त्यांनी इंजिन सुरू ठेवायला सांगून पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरल्या.

"एकट्या जाऊन या," त्या म्हणाल्या, आणि दार नीट लागलं का ते दोनदा ओढून बघितलं.

शेजारची सीट रिकामी झाली की ते लहान विमान एकदम हलकं होतं. मी वर गेले, वळसा घातला. खाली शहर पसरलेलं, लांब डोंगर, उन्हात पांढरे दिसणारे इमारतींचे ठोकळे. एवढ्या वेळात वारा चढला. वळून धावपट्टीकडे तोंड केलं तेव्हा खांबावरची नळी वर यायला लागली होती.

मी तिरकी आले. खालची जमीन जवळ आली तसं नाक सरळ केलं, डावा पंख खाली, उजवा पाय. पण हात कमी पडला. रेषा हळूहळू डावीकडे जाऊ लागली. फार नाही. अगदी थोडी. एवढ्यात टेकवलं असतं तर कदाचित चाललंही असतं, आणि कोणाला कळलंही नसतं.

त्या एका श्वासात मला शेड दिसली. शेडपाशी सगळे ओळीनं उभे होते. आणि माझ्या मनात जे आलं ते मला आजही आठवतं. फेरा मारला तर म्हणतील, स्वतःच्या सोयीसाठी पत्रक लिहिलं होतं. नाही मारला तर पत्रक खोटं. मीच लिहिलं होतं, त्या श्वासात माणसं बघू नयेत. आणि मी माणसंच बघत होते.

मी नजर रेषेवर आणली. रेषा डावीकडे होती. बस. मी इंजिनला पूर्ण ताकद दिली.

विमान वर उचललं गेलं. शेड खालून मागे गेली. पूर्ण वळसा होईपर्यंत वायरलेसवर काहीच आलं नाही.

दुसऱ्यांदा आले ती उंच आले. पहिल्या वेळच्या भीतीनं. हे तर लांबूनच दिसत होतं. पुन्हा फेरा. आता मात्र मला रडू यायला लागलं होतं. एकटीला, आकाशात, पट्ट्यानं बांधलेल्या अवस्थेत रडणं ही फार गैरसोयीची गोष्ट आहे. डोळे पुसायला हात मोकळा नसतो.

तेवढ्यात कानात मॅडमचा आवाज आला. नेहमीचाच, जराही न चढलेला.

"पेट्रोल भरपूर आहे. धावपट्टी कुठे जात नाही. आणि आम्हालाही दुसरं काम नाही. सावकाश या."

त्या चार वाक्यांसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. शाबासकी नव्हती, धीर देणं नव्हतं. परत फिरणं त्यांनी इतकं साधं करून टाकलं, जसं बस चुकली तर पुढची येते.

तिसऱ्या वेळी मी कालवा आठवला. वरच्या अंगाला तोंड. मग खडकीचं स्वयंपाकघर, पोळपाट, विटा. जोरात डावीकडून. हात आणखी कलवला, उजवा पाय आणखी दाबला. विमान एका खांद्यावर झुकलेलं, नाक सरळ, आणि रेषा बरोबर पोटाखाली. ती सरकत नव्हती. मी वाऱ्याशी भांडत नव्हते. त्याच्यावर अंग टेकून उभी होते. डावं चाक टेकलं, अगदी हळू. क्षणभर आम्ही त्या एका चाकावर धावलो. मग उजवं. मग पुढचं.

उतरल्यावरही हात वाऱ्याकडे धरून ठेवायचा असतो, थांबेपर्यंत. तो मी इतका घट्ट धरला होता, की इंजिन बंद केल्यावरही मला सोडायला वेळ लागला.

मान वर केली तर शेडकडून सगळे येत होते, आणि त्यांच्या हातात बादल्या होत्या.

दोन फेरे, म्हणजे आंघोळ. पत्रक मॅडमच्या खिशात घडी होऊन पडलं होतं आणि रीत तशीच होती. मी उतरले, रागानं बाह्या सारल्या आणि सगळ्यात पुढच्या बादलीला हात घातला. पुढे धायरीचा मुलगा होता. त्यानं बादली मागे घेतली.

"तू नको," तो म्हणाला. "तू बस तिकडं. फेरा मारलास ना."

मला काही समजेना. शेडच्या सावलीत एक खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीवर चहाचा कप, वर बशी झाकलेली. मी वळून बघितलं तर मॅडम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून विमानाच्या पोटाखाली वाकल्या होत्या आणि हातातल्या फडक्यानं तेल पुसत होत्या. कोणीतरी पंखावर पाणी ओतलं ते त्यांच्या मानेवर गेलं. त्या तिथूनच म्हणाल्या, "आपली मागणी मान्य आहे. एक दुरुस्ती केली. फेरा मारणारा बसेल, बघणारे धुतील. आता तो चहा घ्या, मघाशी तुमच्या फेऱ्यांत एकदा गार झाला, परत गरम केलाय."

मी खुर्चीवर बसले. चहा घेतला. समोर सगळी बॅच विमान घासत होती आणि मला सूचना करायचा पूर्ण अधिकार होता. मला एकही सुचली नाही. मला जे दिसत होतं ते धूसर दिसत होतं, एवढं सांगते.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. दोन फेरे, एक चाक, बादल्या, खुर्ची. त्यांनी ऐकून घेतलं. मग घसा साफ करून म्हणाले, "लेखी दिलं का त्यांनी?"

आई हसून हसून बेजार झाली. पण त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना तसं विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून माझंच पत्रक काढलं, खाली दुरुस्ती लिहून सही केली आणि शेडच्या दारावर पुन्हा चिकटवलं. "वडिलांना नमस्कार सांगा," म्हणाल्या.

धायरीचा मुलगा त्यानंतर काही दिवसांनी आईला पुन्हा घेऊन आला. त्या दिवशीही वारा होता आणि त्यानं फेरा मारला. आम्ही त्याच्या आईला खुर्ची दिली आणि तिच्या देखत विमान धुतलं. ती शेवटपर्यंत हेच समजत होती, की ज्याचं उतरणं सगळ्यात चांगलं होतं त्याचा हा मान. आम्ही तिचा तो समज मोडला नाही. आता विचार करते तर ती चुकत नव्हतीच.

परवा मी मैदानावर गेले होते. नवी मुलं आहेत. कागद केव्हाच उन्हावाऱ्यानं उडून गेला आहे. एका मुलीनं फेरा मारला आणि उतरल्यावर ती सरळ खुर्चीत जाऊन बसली. बाकीच्यांनी बादल्या उचलल्या. मी विचारलं, ही काय पद्धत? एक जण म्हणाला, माहीत नाही, पहिल्यापासून आहे. मला इतकं बरं वाटलं, की मी पुढे काही सांगितलं नाही. चांगल्या पत्रकाचं शेवटी हेच व्हावं. ते कोणी लिहिलं हे विसरलं जावं आणि त्यातलं राहावं.

आता मागणी.

तुमच्या कामाच्या जागी, तुमच्या घरात, मित्रांमध्ये, परत फिरणाऱ्याला हसण्याची एखादी रीत नक्की आहे. गड अर्ध्यावर सोडून उतरलेल्याला एखादं नाव पडलं असेल. पाऊस बघून घाटातून गाडी मागे वळवणाऱ्याला दर वेळी तोच विनोद ऐकावा लागत असेल. कोणाचं वाईट मनात नसेल, हे मी मान्य करते. तरी ती रीत उद्या सकाळी शोधून काढा आणि उलटी करा. पुढचा माणूस परत फिरून येईल, तेव्हा खुर्ची त्याला द्या, चहावर बशी झाकून ठेवा, आणि बादली तुम्ही उचला.